एकीकडे दुपार, दुसरीकडे पहाट: ट्रिस्टन आणि पिटकेर्नची घड्याळं

दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्या बेटावर बुधवारी दुपारचे बारा वाजतात, तेव्हा दक्षिण पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावर बुधवारचीच पहाट असते. चार वाजलेले असतात. दोन्ही बेटं ब्रिटनच्या अखत्यारीतली. दोन्हीकडे विमानतळ नाही आणि गाव एकच. ट्रिस्टनवर दोनशे-सव्वादोनशे माणसं राहतात, पिटकेर्नवर पन्नासही नाहीत. आणि या दोघांच्या घड्याळांत वर्षाचे बारा महिने बरोबर आठ तासांचं अंतर असतं.

ते ‘बरोबर’ जरा खटकायला हवं. सूर्य कुणालाही इतका गोल हिशेब देत नाही.

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेते, म्हणजे ३६० अंश. भागाकार केला की तासाला १५ अंश येतात आणि एका अंशाला ४ मिनिटं. वेळेच्या पट्ट्यांमागचं गणित एवढंच. बाकी सगळं राजकारण, व्यापार आणि सोय. आता हे गणित आपल्या बेटांना लावून पाहू. ट्रिस्टन ग्रीनिचच्या पश्चिमेला साधारण १२ अंशांवर आहे, म्हणजे तिथला सूर्य लंडनच्या सूर्यापेक्षा सुमारे ४९ मिनिटं मागे. पिटकेर्न १३० अंश पश्चिमेला, म्हणजे ८ तास ४० मिनिटं मागे. दोघांमधलं सूर्याचं खरं अंतर त्यामुळे भरतं ७ तास ५१ मिनिटं. घड्याळं म्हणतात आठ.

ही नऊ मिनिटं कुठे गेली? दोन्ही बेटांनी आपापला सूर्य थोडा बाजूला सारला आहे. ट्रिस्टनची प्रमाणवेळ थेट ग्रीनिचची, म्हणजे शून्य. पिटकेर्नची उणे आठ, म्हणजे ग्रीनिचच्या आठ तास मागे. म्हणून ट्रिस्टनवर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून ४९ मिनिटं झालेली असतात आणि पिटकेर्नवर बारा चाळीस. (ऋतूप्रमाणे हा आकडा पाव तासापर्यंत पुढेमागे होतो, कारण पृथ्वीची कक्षा अचूक वर्तुळ नाही आणि तिचा आसही कललेला आहे. ती वेगळी गोष्ट.) दोन्हीकडची घड्याळं सूर्याच्या पाऊण तासाच्या आसपास पुढे धावतात, पण दोघांची कारणं निराळी.

ट्रिस्टनचं कारण कळायला त्या बेटाचं एकटेपण आधी लक्षात घ्यायला हवं. सर्वांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. केपटाउन सुमारे २,८०० किलोमीटरवर, आणि तिथून जहाजाने यायला आठवडाभर लागतो. पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिश्ताँव द कुन्या याने १५०६ मध्ये हे बेट पाहिलं. पण वसाहत झाली ती १८१६ नंतर, आणि तीही नेपोलियनमुळे. त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवल्यावर सुटकेचे प्रयत्न होऊ नयेत म्हणून ब्रिटिशांनी ट्रिस्टनवर एक तुकडी नेऊन ठेवली. तुकडी परत गेली, तेव्हा विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश सैनिक कुटुंबासह तिथेच राहिला. पुढे काही खलाशी आले, काही जहाजं फुटून आली. १८९२ मध्ये फुटलेल्या एका इटालियन जहाजातले दोघं, लावारेल्लो आणि रेपेत्तो, तिथेच स्थायिक झाले. त्यांची आडनावं आजही बेटावर आहेत आणि बेटावरच्या इस्पितळाला त्यांच्या मूळ गावाचं, कामोलीचं, नाव आहे.

अशा ठिकाणी दुपारी बारा वाजता सूर्य कुठे आहे याची शेजाऱ्याला पर्वा नसते, कारण शेजारीच नाही. शेजारी असतो तो तारेच्या, रेडिओच्या, फोनच्या दुसऱ्या टोकाला. ट्रिस्टनच्या बाबतीत ते टोक लंडनमध्ये आहे. इतकं की बेटावरच्या लोकांना ०२० ने सुरू होणारे, म्हणजे चक्क लंडनचे, फोन क्रमांक मिळाले. २००५ मध्ये ब्रिटिश पद्धतीचा पिनकोडही मिळाला. गावाचं नाव ‘एडिन्बरा ऑफ द सेव्हन सीज’. त्यामुळे पत्रं आधी स्कॉटलंडच्या एडिन्बराला जाऊन येत, असं सांगतात. ज्यांच्या राजधानीशी रोज बोलायचं, त्यांचंच घड्याळ ठेवलं की हिशेब उरत नाही. सेंट हेलेनाचं घड्याळही शून्यावरच आहे आणि तिथल्याच गव्हर्नरच्या अखत्यारीत ट्रिस्टन येतं.

एक पेच मात्र राहतो. ब्रिटन मार्चअखेर घड्याळ तासभर पुढे करतं आणि ऑक्टोबरअखेर मागे घेतं. ट्रिस्टन तसं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. ते दक्षिण गोलार्धात आहे, ब्रिटनच्या उन्हाळ्यात ट्रिस्टनवर हिवाळा असतो. जूनमध्ये तिथे दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा आणि घड्याळ आधीच सूर्याच्या पुढे, त्यामुळे सकाळी आठ वाजता कुठे सूर्य उगवतो. त्यात आणखी एक तास पुढे केला तर माणसं कामाला अंधारातच निघतील. म्हणून वर्षातले सात महिने ‘लंडनचं घड्याळ’ लंडनपेक्षा एक तास मागे असतं.

पण ट्रिस्टनचा दिवस घड्याळाने सुरू होतो असं मानलं तर फसायला होईल. मराठीत ‘तास’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: साठ मिनिटांचा काळ, आणि ज्याच्यावर टोले मारायचे ती धातूची तबकडी. ट्रिस्टनवर दुसऱ्या अर्थाचा तास पहिल्यापेक्षा मोठा आहे. गावात एक जुना सिलिंडर टांगलेला असतो, त्याला ते ‘डाँग’ म्हणतात. पहाटे समुद्राचा रंग पाहून, वारा बघून ठरवतात की आज होड्या बाहेर काढता येतील. मग डाँग वाजतो. तो वाजला की सरकारी कचेरीतला माणूसही कचेरी सोडून होडीवर जातो, कारण बेटाची खरी कमाई शेवंडाची आहे. पकडलेली शेवंडं गावातल्या कारखान्यात साफ होऊन, गोठवून परदेशी जातात. होड्या संध्याकाळी परतल्या की कारखान्यातलं काम सुरू होतं आणि संपेल तेव्हा संपतं. त्या दिवशी ‘नऊ ते पाच’ला काही अर्थ नसतो. डाँग वाजला नाही, तर बुधवार हा साधा बुधवार.

बंदराचीही तीच तऱ्हा. तिथला धक्का छोटा आहे आणि समुद्र खवळलेला असला की होड्यांना तिथे शिरता येत नाही. वर्षातले साठ-सत्तर दिवसच काय ते तिथे काम होतं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. हजारो मैल प्रवास करून आलेलं जहाज समोर उभं असतं, त्यातली माणसं बेट बघत असतात, बेटावरची माणसं जहाज बघत असतात, आणि दोन दिवस तसेच जातात. वेळापत्रक नावाची वस्तू किती नाजूक असते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

घड्याळाखेरीज ट्रिस्टनला आणखी एक पंचांग आहे, ते बटाट्याचं. गावापासून पाचएक किलोमीटरवर दगडी बांधांनी आखलेले बटाट्याचे वाफे आहेत. लावणी कधी, काढणी कधी यावर सगळ्या गावाची ये-जा ठरते. एकेकाळी बटाटा हे तिथलं चलन होतं: १९४६ मध्ये तयार केलेल्या स्थानिक तिकिटावर एक पेनीच्या जोडीला ‘४ बटाटे’ अशी किंमत छापलेली होती. आता चलन पौंड आहे, पण वाफे प्रत्येक घराकडे अजून आहेत. १९६१ मध्ये गावाशेजारी ज्वालामुखी फुटला, तेव्हा सगळ्या बेटाला इंग्लंडमध्ये हलवलं होतं. तिथे नोकऱ्या होत्या, पगार होते, वेळेवर सुटणाऱ्या बस होत्या. दोन वर्षांत बहुतेक सगळे परत आले. बंदराला त्यांनी नाव दिलं कॅलशॉट, इंग्लंडमधल्या ज्या जागी त्यांना ठेवलं होतं तिचं.

आता पिटकेर्न. इथे वेळ हा विषय बेटाच्या जन्माशीच जोडलेला आहे, म्हणून जरा थांबायला हवं.

१७६७ मध्ये फिलिप कार्टरेट या ब्रिटिश कप्तानाच्या ‘स्वालो’ जहाजावरून रॉबर्ट पिटकेर्न नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराला हे बेट दिसलं. कार्टरेटने नकाशावर खूण केली, पण ती रेखांशात सुमारे ३ अंशांनी चुकली. चूक का झाली? अक्षांश सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येतो. रेखांश काढायला मात्र घड्याळ लागतं. जहाजावर ग्रीनिचची वेळ दाखवणारं भरवशाचं घड्याळ असेल, तर स्थानिक दुपार आणि ग्रीनिचची वेळ यांतला फरक काढायचा, त्याला तासाला १५ अंशांनी गुणायचं, आलं उत्तर. जॉन हॅरिसनने असं घड्याळ तोवर बनवलं होतं, पण कार्टरेटकडे ते नव्हतं. ३ अंश म्हणजे १२ मिनिटं. बारा मिनिटांच्या अंदाजाच्या चुकीने बेट कागदावर तीनशे किलोमीटर सरकलं.

बाउंटी या ब्रिटिश जहाजावर २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांचं बंड झालं. बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याच्या साथीदारांना लपायला जागा हवी होती. चुकीच्या ठिकाणी नोंदलेलं बेट यापेक्षा चांगली जागा कोणती? जानेवारी १७९० मध्ये नऊ बंडखोर आणि त्यांच्यासोबतचे ताहितीकडचे स्त्री-पुरुष पिटकेर्नवर उतरले आणि २३ जानेवारीला बाउंटी पेटवून देण्यात आली. तो दिवस तिथे आजही साजरा होतो. गंमत अशी की या बंडखोरांकडे उत्तम घड्याळ होतं! लार्कम केंडलने बनवलेलं ‘के-२’ हे सागरी घड्याळ बाउंटीवर होतं आणि ते बेटावर उतरलं. ज्याच्या अभावाने बेट हरवलं होतं, ती वस्तू आता त्याच बेटावर होती. १८०८ मध्ये मेह्यू फोल्जर या अमेरिकन कप्तानाचं जहाज तिथे पोचलं, तेव्हा बंडखोरांपैकी एकच जण जिवंत होता. त्याने ते घड्याळ फोल्जरला देऊन टाकलं. पुढे बरेच हात बदलून ते ब्रिटनला परतलं आणि आता ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे.

घड्याळ होतं, तरी वाराचा घोळ झालाच. फ्लेचर ख्रिश्चनचा मुलगा बेटावर जन्मलेला पहिला. त्याचं नाव जन्मदिवसावरून ठेवलं, ‘थर्सडे ऑक्टोबर’, म्हणजे गुरुवार ऑक्टोबर. १८१४ मध्ये ब्रिटिश जहाजं आली, तेव्हा त्यांच्या नोंदीत हाच तरुण ‘फ्रायडे’ झालेला दिसतो. तारखेत एका दिवसाची गल्लत झाली आहे असं धरून त्याचा वार बदलला गेला. नंतर पुन्हा तो गुरुवारच राहिला. बाउंटी आफ्रिकेच्या टोकावरून पूर्वेकडे गेली होती. पूर्वेकडे जाणाऱ्याने दर १५ अंशांना घड्याळ तासभर पुढे करायचं असतं, आणि अर्धं जग ओलांडलं की कुठेतरी एक दिवस कमी करावा लागतो. कुठे, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. शून्य रेखावृत्त ग्रीनिचचं, हे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं आणि १८० अंशांजवळ तारीख बदलायची प्रथा त्यातूनच पक्की झाली.

आजच्या पिटकेर्नचं घड्याळ १९९८ पर्यंत उणे साडेआठ होतं. सूर्याच्या उणे ८ तास ४० मिनिटांच्या ते बरंच जवळ. त्या वर्षी एप्रिलअखेर ते अर्धा तास पुढे करून उणे आठ झालं. बेटावरच्या माणसाला फरक काय पडला? दिवस उजाडायला तेवढाच वेळ लागतो. फरक पडला बाहेरच्या माणसाला, अर्ध्या तासाची वजाबाकी करण्यातून त्याची सुटका झाली. माझ्या मते घड्याळ गोल करण्याचा फायदा नेहमी दूरच्याला होतो.

आणि पिटकेर्नचा ‘दूरचा’ विचित्र जागी बसला आहे. बेट ब्रिटनचं असलं, तरी त्याचा गव्हर्नर म्हणजे न्यूझीलंडमधला ब्रिटिश उच्चायुक्त. तो वेलिंग्टनमध्ये असतो. चलन न्यूझीलंडचा डॉलर. मालवाहू जहाज न्यूझीलंडहून येतं. न्यूझीलंड मात्र तारीखरेषेच्या पलीकडे. त्याची वेळ अधिक बारा, आणि सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अधिक तेरा. म्हणजे पिटकेर्न वीस किंवा एकवीस तास मागे.

हे आकडे आठवड्यावर मांडले की खरी अडचण दिसते. वेलिंग्टनमध्ये हिवाळ्यातल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता कचेरी उघडते, तेव्हा पिटकेर्नवर सोमवारी दुपारचा एक वाजलेला असतो. ठीक आहे, अर्धा दिवस मिळाला. पण पिटकेर्नच्या शुक्रवारी दुपारी एक वाजता तिकडे शनिवार उजाडलेला असतो, कचेरी बंद. आणि वेलिंग्टनचा सोमवार सकाळी सुरू होतो तेव्हा पिटकेर्नवर रविवारची दुपार असते. आठवड्याचे पाच कामाचे दिवस दोघांकडेही असतात, पण एकमेकांवर पडतात चारच, तेही अर्धे. उन्हाळी वेळ लागू झाली की त्यात एका तासाची भर पडते, एवढाच दिलासा.

त्यात पिटकेर्नचा शनिवार निराळा. १८८६ मध्ये जॉन टे हा अमेरिकन धर्मप्रचारक तिथे आला आणि सगळं बेट सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात गेलं. या पंथात विश्रांतीचा पवित्र दिवस शनिवारचा, आणि तो शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत मोजायचा. बघा, इथे घड्याळ नाही, सूर्यच लागतो. न्यूझीलंडमधल्या त्याच पंथाच्या माणसाचा तो दिवस संपून जवळपास एक दिवस लोटतो, तेव्हा पिटकेर्नवरचा संपतो. आज बेटावर सगळेच तो कसोशीने पाळत नाहीत, तरी जुनी घडी पूर्ण मोडलेली नाही.

रोजच्या जगण्यात पिटकेर्नवरही घड्याळापेक्षा घंटा मोठी. अ‍ॅडम्सटाउन या तिथल्या एकुलत्या गावाच्या चौकात ती आहे. कामानुसार टोल्यांची संख्या ठरलेली. पाच टोले पडले की जहाज दिसलं. मग लांब होड्या पाण्यात ढकलायच्या आणि लाटांमधून वाट काढत जहाजापर्यंत जायचं, कारण मोठ्या जहाजाला किनाऱ्याला लागता येत नाही. प्रवासी जहाज असेल तर लाकडी कोरीव वस्तू, मध, टपाल तिकिटं विकायची. जहाज सकाळी सातला आलं तर बाजार सातला, दुपारी दोनला आलं तर दोनला. धक्क्यापासून गावात जायला ‘हिल ऑफ डिफिकल्टी’ नावाचा चढ आहे. नावातच सगळं आलं. बेटावर वीज कित्येक वर्षं डिझेलवर चालायची आणि रात्री जनित्र बंद व्हायचं. वीज गेली की रात्र झाली, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो.

या दोन बेटांनी एकमेकांना फोन करायचा ठरवलं, तर? ट्रिस्टनला दुपारी चार वाजतात तेव्हा पिटकेर्नवर सकाळचे आठ. ट्रिस्टनला रात्रीचे दहा तेव्हा तिकडे दुपारचे दोन. या सहा तासांत कुणालाही झोपेतून न उठवता बोलता येईल. दोघंही घड्याळ कधी हलवत नाहीत, त्यामुळे ही वेळ जानेवारीत आणि जुलैत सारखीच. जगातल्या भल्याभल्या शहरांना ही सोय नाही; लंडन आणि न्यूयॉर्कसुद्धा घड्याळं वेगवेगळ्या आठवड्यांत बदलतात आणि मधले काही दिवस लोकांच्या बैठका चुकतात.

तिथे जाणाऱ्याला मात्र घड्याळ हलवावंच लागतं. केपटाउनची वेळ अधिक दोन आहे, म्हणून ट्रिस्टनला जाताना आठवड्याच्या प्रवासात दोन तास मागे घ्यायचे. पिटकेर्नला जाणारा ताहितीहून (उणे दहा) विमानाने मांगारेवाला (उणे नऊ) येतो, एक तास पुढे; मग दीड-दोन दिवस जहाजाने पिटकेर्न (उणे आठ), आणखी एक तास पुढे. लांब विमानप्रवासानंतर होणारी झोपेची मोडतोड इथे होत नाही. समुद्राने पोट ढवळून निघतं, ते वेगळं.

३१ डिसेंबरला ट्रिस्टनवर ‘ओल्ड इयर्स नाइट’ असते. पुरुषमंडळी भीतीदायक मुखवटे आणि चित्रविचित्र कपडे घालून गावात फिरतात, लोकांना दचकवतात. त्यांना ‘ओकालोली’ म्हणतात. उन्हाळा असल्यामुळे आठ वाजेपर्यंत उजेड असतो. मध्यरात्री तिथे नवं वर्ष लागतं, तेव्हा वेलिंग्टनमध्ये एक तारखेच्या दुपारचा एक वाजलेला असतो आणि पिटकेर्नवर ३१ डिसेंबरचेच दुपारचे चार. सूर्य मावळायला अजून साडेतीन तास आहेत, आणि तेवढ्यात पाच टोले पडले तर होड्या पाण्यात जातील.